तुळशीच्या लग्नापासून शिवरात्रीपर्यंत: क्रोटनचा हिवाळा

नोव्हेंबर सरता सरता रंगीत पानांच्या क्रोटनची खालची पानं लोंबकळायला लागतात आणि हात लावला की गळून पडतात. बहुतेक घरी यावर एकच उपाय होतो: पाणी वाढवायचं. पान लोंबलं म्हणजे झाडाला तहान लागली, हा हिशेब मे महिन्यात बरोबर असतो. डिसेंबरात तो उलटा पडतो. कुंडीतली माती ओलीच असते, मुळं गारठून पाणी ओढेनाशी झालेली असतात आणि वरून आणखी एक तांब्या ओतला जातो. जानेवारीत झाड बुडाशी मऊ पडतं, मग लोक म्हणतात की थंडीनं गेलं. विदर्भातल्या गावांमध्ये क्रोटन जातो तो बहुतेक वेळा थंडीतल्या पाण्यानं. नुसत्या थंडीतून तो बऱ्याचदा वाचतो.

हे झाड मुळात आपल्या हवेचं नाहीच. शास्त्रीय नाव कोडिएम व्हेरिगेटम. मूळ घर इंडोनेशियातली मोलुक्का बेटं, मलेशिया, ऑस्ट्रेलियाचा उत्तरेकडचा भाग आणि प्रशांत महासागरातली बेटं. तिथे बाराही महिने दमट हवा, आणि दिवस-रात्रीच्या तापमानात फार फरक नाही. (वनस्पतिशास्त्रात ज्याला खरा क्रोटन म्हणतात ती जात वेगळी. आपल्याकडचा जमालगोटा त्या जातीतला. दोघांचं कूळ मात्र एरंडाचंच.) या झाडाला २१ ते २९ अंश सगळ्यात मानवतात. रात्रीचा पारा १२-१३ च्या खाली जायला लागला की वाढ थांबते, १० च्या खाली काही रात्री सलग गेल्या की पानगळ सुरू होते, आणि दहिवर गोठलं तर शेंडे काळे पडतात.

आता आपली हवा बघा. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदले गेले, आणि २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे ३.५. एकाच गावची ही दोन टोकं. गोंदियाकडे तर थंडीच्या लाटेत पारा बऱ्याचदा विदर्भात सगळ्यात खाली असतो. उत्तरेकडून गार वारा सुटला, ढग निघून गेले, आभाळ निरभ्र झालं की जमिनीतली ऊब रात्रभर वर निघून जाते. म्हणून ढगाळ रात्रीची काळजी करू नका. लख्ख चांदण्या दिसणारी, वारा पडलेली रात्र घातक. जड गार हवा उतारानं खाली येऊन नाल्याकाठी, बोडीच्या (लहान तळ्याच्या) पाळीखाली, घरामागच्या खोलगट सांदवाडीत साचते. एकाच गावात टेकाडावरच्या घरी झाड टिकतं आणि नाल्याशेजारी जातं, त्याचं कारण हेच.

जागा

क्रोटनसाठी घरातली सगळ्यात चांगली जागा दक्षिणेकडची ओसरी. यामागे साधं गणित आहे. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण २१ अंशांवर आहोत. डिसेंबरच्या शेवटी दुपारी बारा-साडेबाराला सूर्य दक्षिणेकडे जेमतेम ४५ अंश वर असतो. ओसरीचं छत आठ फूट उंच असेल, तर दुपारचं ऊन जवळजवळ आठ फूट आत येतं. मेच्या शेवटी सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा त्याच ओसरीत दुपारचं ऊन पायरीच्या आत येत नाही. म्हणजे एकच जागा हिवाळ्यात उन्हाची आणि उन्हाळ्यात सावलीची. वर छत असल्यानं रात्री झाडाची ऊब थेट आभाळाकडे निघून जात नाही, आणि मागची विटांची भिंत दिवसभर तापलेली असते ती रात्री ऊब देत राहते. कुंडी भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवा, अगदी चिकटवू नका.

पूर्वेकडची जागा दुसऱ्या पसंतीची. उत्तरेकडची ओसरी हिवाळ्यात नको, तिथे ऊनही नाही आणि वाराही थेट. झाड थेट घरात न्यायची घाईही करू नका. अंधाऱ्या खोलीत पंधरा दिवस राहिलं की थंडीनं झाली नसती तेवढी पानगळ अंधारानं होते, शिवाय नवी पानं हिरवीच निघतात. लाल-पिवळा रंग उन्हावर अवलंबून आहे. हिवाळ्यात चार-पाच तास ऊन मिळालं पाहिजे.

कुंड्या हलवायचा मुहूर्त लक्षात ठेवायला सोपा आहे: तुळशीचं लग्न झालं की अंगणातून ओसरीत, आणि महाशिवरात्र झाली की बाहेर. पंचांगातल्या तारखा पुढेमागे होतात, म्हणून रात्रीचा पारा १४-१५ वर उतरला की मुहूर्ताची वाट न बघता हलवावं. एकदा जागा ठरली की रोज इकडून तिकडे करू नये. प्रत्येक हलवाहलवीत हे झाड चार पानं टाकतं.

कुंडी आणि माठ

उन्हाळ्यात मातीच्या माठातलं पाणी गार का होतं हे घराघरात माहीत आहे. पाझरलेलं पाणी वाफ होऊन उडताना माठाची ऊब घेऊन जातं. मातीची कुंडी हाच माठ आहे. मे महिन्यात हा गुण मुळांना वाचवतो, डिसेंबरात तोच मुळांना गारठवतो. कोरड्या हिवाळी वाऱ्यात ओली मातीची कुंडी बाहेरच्या हवेपेक्षाही गार होऊ शकते.

म्हणून हिवाळ्यापुरती कुंडी झाका. कुंडीपेक्षा चार बोटं रुंद टोपलं, फुटकी प्लास्टिकची बादली किंवा तेलाचा कापलेला पिपा घ्या. तळाशी दोन विटा, त्यावर कुंडी, आणि मधल्या फटीत सोयाबीनचं किंवा तुरीचं कोरडं कुटार (मळणीनंतरचा भुसा) दाबून भरा. धानपट्ट्यात तणस वापरा. नुसतं बारदानही गुंडाळता येतं, पण ते कोरडं राहिलं पाहिजे. ओलं बारदान म्हणजे कुलरची ताटी झाली, काम बरोबर उलटं होतं. तळाचं छिद्र मोकळं आहे ना हे भरण्याआधी काडीनं बघून घ्या. कुंडी गार फरशीवर टेकवू नका, विटा त्यासाठीच आहेत.

प्लास्टिकच्या कुंडीतून बाजूनं वाफ उडत नाही, त्यामुळे ती इतकी गारठत नाही, पण ओल जास्त दिवस धरून ठेवते. तिथे पाण्याचा हात आणखी आवरता घ्यायचा.

पाणी

दहा इंची कुंडीला हिवाळ्यात एका वेळी पाऊण ते एक लिटर पाणी पुरतं, आणि दोन पाण्यांत सात ते दहा दिवसांचं अंतर पडतं. दिवस मोजण्यापेक्षा बोट घाला: वरची दोन इंच माती कोरडी लागली तरच पाणी. बोटाचा भरवसा वाटत नसेल तर कुंडी थोडी उचलून बघा. पाणी दिल्यावर आणि कोरडी झाल्यावर किती वजन लागतं ते दोन-तीन वेळा उचलून बघितलं की हात बरोबर सांगतो.

वेळ सकाळी दहा ते बारा. दुपारी दोननंतर नाही. संध्याकाळी दिलेलं पाणी रात्रभर मुळांभोवती गार होऊन बसतं. थेंब पानांच्या बेचक्यात राहिले तर तिथून सड सुरू होते, म्हणून पाणी बुडाशीच.

पाणी कुठलं, हेही महत्त्वाचं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी डिसेंबरच्या सकाळी बर्फासारखं असतं. विहिरीचं किंवा बोअरचं ताजं उपसलेलं पाणी मात्र कोमट लागतं, कारण खोल जमिनीचं तापमान वर्षभर पंचवीस अंशांच्या आसपास राहतं. मोटर सुरू झाली की बादली भरून ठेवा आणि तेच द्या. उन्हाळ्यात गोष्ट उलट होते. वावरातून आलेल्या पाइपातलं पहिलं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं, ते वाहून जाऊ द्यायचं. कुलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडाला कधीच घालू नका. रोज पाणी उडून क्षार मागे राहतात आणि आठवड्याभरात ते पाणी खारट होतं. पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरतडल्यासारख्या दिसतात त्याचं एक कारण हे.

लोंबलेलं पान बघून गोंधळ होत असेल तर एवढं करा. पान लोंबलंय आणि माती कोरडी, कुंडी हलकी: पाणी द्या. पान लोंबलंय आणि माती ओली: पाणी बंद, कुंडी उन्हात, तळाचं छिद्र तपासा. मातीला आंबूस वास येत असेल तर सड सुरू झाली आहे. तेव्हा थंडी असली तरी झाड काढून काळी, मऊ मुळं कापावी लागतात आणि कोरड्या रेताड मातीत लहान कुंडीत लावावं लागतं. एरवी डिसेंबर-जानेवारीत कुंडी बदलणं चूकच.

रात्रीचं पांघरूण

पारा ८ च्या खाली जाणार असेल तर ओसरीतल्या झाडालाही पांघरूण हवं. कुंडीच्या कडेनं चार पऱ्हाट्या किंवा तुराट्या खोचा, त्या शेंड्यापेक्षा वीतभर उंच हव्यात. त्यावरून जुनं लुगडं, धोतर किंवा गोणपाट टाका आणि ते खाली जमिनीपर्यंत येऊ द्या, म्हणजे मातीची ऊब आत राहील. कापड पानांना टेकू नये. प्लास्टिकचा कागद थेट पानांवर टाकू नका. जिथे टेकतो तिथेच पान गारठतं, आतून घाम सुटून पानं ओली होतात, आणि सकाळी काढायचा राहिला तर नऊ-दहाच्या उन्हात आत भट्टी होते. कापडही सूर्य वर आला की काढायचंच.

हरभरा किंवा भाजीपाला थंडीपासून वाचवायला धुऱ्यावर काडीकचरा पेटवून धूर करतात. क्रोटनशेजारी हे नको, आणि चुलीजवळही कुंडी नको. अर्धवट जळणाऱ्या काडीच्या धुरात इथिलीन असतो. फळं पिकवणारा तोच वायू पानगळही घडवतो.

जमिनीत लावलेल्या झाडाचं वेगळं आहे. कुंडी एका रात्रीत गारठते, जमीन नाही. विदर्भातल्या जमिनीत वीतभर खोल हिवाळ्यातही मुळांना पुरेशी ऊब असते, म्हणून जमिनीतलं झाड कुंडीपेक्षा निब्बर निघतं. इथे एक गोष्ट लोकांना पटायला वेळ लागतो: उन्हाळ्यात बुडाशी घातलेलं कुटाराचं आच्छादन डिसेंबरात बाजूला करा. उघडी, थोडी ओल असलेली जमीन दिवसा ऊन शोषते आणि रात्री ती ऊब वर झाडाकडे सोडते. जाड आच्छादनाखाली ऊन मातीपर्यंत पोचत नाही आणि रात्रीची ऊब झाडापर्यंत. होळीच्या आसपास आच्छादन पुन्हा घाला, तीन इंच, खोडापासून चार बोटं सोडून.

चिखलदऱ्याची गोष्ट निराळी. हजार मीटरच्या वर, जिथे कॉफी होते, तिथे हिवाळ्यात क्रोटन उघड्यावर ठेवूच नये. दक्षिणेच्या खिडकीत, काचेच्या आत ठेवा आणि पाणी पंधरवड्यातून एकदा.

तयारी दसऱ्याआधीची

थंडीत झाड टिकणार की नाही, हे बरंचसं पावसाळ्यातच ठरतं. मृग ते दसरा हा क्रोटनचा वाढीचा खरा काळ. या दिवसांत पंधरा दिवसांनी १९:१९:१९ खत लिटरला दोन ग्रॅम पाण्यात मिसळून द्यावं. दसऱ्यानंतर खत बंद. ऑक्टोबरच्या शेवटी दिलेल्या नत्रानं कोवळे, पाणीदार शेंडे फुटतात आणि पहिल्याच थंडीत तेच काळे पडतात. कपाशीसाठी आणलेला युरिया घरात असतो म्हणून चिमूटभर टाकायचा मोह होतो. तो टाळा, त्यानं रंगही जातो.

माती हा विदर्भातला मोठा प्रश्न. अमरावती, अकोला, यवतमाळकडची काळी कसदार जमीन कपाशीला सोनं असली तरी क्रोटनच्या कुंडीत ती नको. पाणी धरून ठेवते, फुगते, वाळली की भेगाळते आणि बारीक मुळं तुटतात. शिवाय तिच्यात चुनखडी असते. मातीवर लिंबू पिळून बघा, फसफसली तर चुनखडी जास्त आहे. क्रोटनला किंचित आम्ल माती लागते. हे मिश्रण चालतं: दोन घमेली लाल माती, एक घमेलं जुनं कुजलेलं शेणखत, एक घमेलं जाड रेती, एक घमेलं कोकोपीट किंवा पानकुजीचं खत, आणि दहा इंची कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. भंडारा-गोंदियाकडे लाल-पिवळी माती सहज मिळते. बाकीच्यांना ती मागवावी लागेल, आणि ती खटपट करण्यासारखी आहे.

आठवडी बाजारात किंवा गाडीवर मिळणारी कितीतरी रोपं आंध्रातल्या कडियमच्या रोपवाटिकांमधली असतात. गोदावरीकाठच्या दमट हवेत, हिरव्या जाळीखाली वाढलेली. पिशवी फाडली की आत लाल चिकणमातीचा कडक गोळा निघतो. तो तसाच कुंडीत ठेवला तर पाणी गोळ्याच्या बाजूनं निघून जातं आणि आत कोरडंच राहतं, किंवा एकदा भिजला की आठ दिवस चिखल. गोळा अर्धा तास पाण्यात बुडवून बाहेरची एक तृतीयांश माती बोटांनी सोडवा, मग लावा. हे काम जुलै-ऑगस्टमध्ये. नोव्हेंबरात घेतलेलं रोप पिशवीतच राहू द्या, शिवरात्रीनंतर कुंडीत लावा. माझा सल्ला मात्र हाच की हिवाळ्यात क्रोटन विकत घेऊच नये.

पान पिवळं दिसलं की लगेच लोह कमी पडलं असंही समजू नका, कारण या झाडाचा पिवळेपणा जन्माचा आहे. फरक असा ओळखा: पेट्रासारख्या जातीत शिरा पिवळ्या-लाल आणि मधला भाग हिरवा असतो. लोहाची कमतरता असेल तर शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो, तेही शेंड्याकडच्या नव्या पानांत. काटोल-वरूडकडे संत्र्याची बाग असलेल्यांना हे चित्र ओळखीचं असेल. हिराकस दोन ग्रॅम आणि लिंबाचं सत एक ग्रॅम एका लिटर पाण्यात मिसळून पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा एकदा. ही फवारणी फेब्रुवारीनंतर, थंडीत नाही.

रिकाम्या दांड्याचं काय करायचं

सगळी पानं गळाली तरी झाड उपटू नका. नखानं साल जरा खरवडा. आत हिरवं आणि ओलसर असेल तर झाड जिवंत आहे. तपकिरी, कोरडं असेल तर आणखी खाली खरवडत या. हिरवं लागेल तिथून वर फुटण्याची शक्यता असते. लगेच कापू नका, थंडीत केलेली जखम भरत नाही. पाणी महिन्यातून एक-दोनदा, थोडंसं. पानं नाहीत म्हणजे पाणी उडवणारं कुणी नाही. फेब्रुवारीच्या शेवटी हिरव्या भागातल्या डोळ्याच्या वर पाव इंचावर तिरका काप घ्या. पांढरट चीक येतो. तो अंगाला लागला तर खाज सुटते, कपड्यावर पडला तर तपकिरी डाग जात नाही, आणि पोटात गेला तर विषारी आहे. हात धुवा, छाटलेल्या फांद्या गोठ्याकडे टाकू नका. मार्चच्या मध्यापर्यंत डोळे फुगलेले दिसायला हवेत. फांदी पूर्ण हिरवी, ठिपके-रेघा नसलेली फुटली तर ती बुडापासून काढा. ती रंगीत फांद्यांपेक्षा जोमानं वाढते आणि झाड गिळते.

हिवाळ्यात झाडाबरोबर लाल कोळीही टिकून असतो. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. ठिपके पडून चालायला लागले की कोळी आहे. पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा, दुपारी उन्हात, म्हणजे पान लगेच वाळतं. पुरला नाही तर पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक लिटरला दोन ग्रॅम. पारा ३२ च्या वर असताना गंधक नको, पान भाजतं. पिठ्या ढेकणासाठी निंबोळीची भरड ५० ग्रॅम पोतडीत बांधून रात्रभर लिटरभर पाण्यात ठेवा, सकाळी पिळून गाळा, थोडा साबण घालून फवारा. कपाशीवरचं उरलेलं औषध मात्र अंगणात आणू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेनं माणसं दगावली, ती औषधं काय आहेत हे आपल्याला पुरेसं कळलेलं आहे. त्यातली अनेक औषधं कोळी खाणारे मित्रकिडे मारतात आणि कोळी उलट वाढतो.

एक ठेवा पावसाळ्यातच करून ठेवावा: गुटी, म्हणजे झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून केलेलं नवं रोप. जून-जुलैत पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवर, शेंड्यापासून सव्वा फूट खाली, बोटाच्या पेराएवढी साल गोल काढा. चीक फडक्यानं पुसून उघडं लाकूड खरवडा, मुळं फुटण्याची पावडर लावा, भिजवून घट्ट पिळलेलं मॉस किंवा कोकोपीट मूठभर गुंडाळा आणि वरून प्लास्टिक दोन्हीकडे घट्ट बांधा. चार ते सहा आठवड्यांत पांढरी मुळं प्लास्टिकमधून दिसतात. खालून कापून लहान कुंडीत लावा, पंधरा दिवस सावली. दसऱ्यापर्यंत हे रोप बसलेलं पाहिजे. ऑक्टोबरात बांधलेल्या गुटीला थंडी गाठते आणि मुळं फुटत नाहीत.

शिवरात्रीनंतर कुंडी बाहेर काढताना पहिले चार दिवस फक्त आठपर्यंतचं ऊन, पुढचा आठवडा दहापर्यंतचं. तीन-साडेतीन महिने तिरक्या उन्हात बसलेल्या पानांना मार्चचं ऊन सरळ लागलं की पांढरे कोरडे डाग पडतात आणि ते भरून येत नाहीत. बाहेरची मुदतही फार नसते. होळी पेटली की कुटार-बारदान काढून कुंडी पुन्हा त्याच दक्षिणेच्या ओसरीत किंवा कडुलिंबाच्या सावलीत आणा, आणि नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) सुरू होण्याआधी पश्चिमेकडून तुराट्यांची ताटी लावा, कारण दुपारचा कोरडा वारा तिकडूनच येतो.